ई-हेल्थ लिटरसी स्केल मनमाडमध्ये कुठे अडखळतं?

पेटचा निकाल लागला की पुढचे दोन महिने सिनॉप्सिसचे असतात. या काळात ज्युनियर मित्रमैत्रिणींचे मसुदे वाचायला येतात, आणि गेल्या काही वर्षांत त्यांत एक विषय वारंवार दिसतो: 'अमुक तालुक्यातील ज्येष्ठ नागरिकांची ई-आरोग्य साक्षरता: एक अभ्यास'. विषय चांगलाच आहे. पण पुढचा साचाही ठरलेला असतो. दोनशे जणांचा नमुना, साधन म्हणून ई-हेल्थ लिटरसी स्केलचा मराठी अनुवाद, विश्वसनीयतेसाठी क्रॉनबॅक अल्फा, मग टी-टेस्ट, आणि शेवटी 'जनजागृतीची गरज आहे' हा निष्कर्ष.

आजच्या पोस्टमध्ये आपण या साधनाचीच तपासणी करू. ई-हेल्थ लिटरसी स्केल, म्हणजे ज्याला सगळे 'ई-हील्स' म्हणतात ते. माझं म्हणणं आधीच सांगून टाकते: ही पट्टी वाईट नाही, पण ती एकट्या माणसाला मोजते. आपल्याकडे ऑनलाईन आरोग्यसेवा एकटा माणूस क्वचितच वापरतो. शेजारी नातू असतो, सून असते, आशाताई असते, नाहीतर झेरॉक्सच्या दुकानातला मुलगा असतो. हा मदतनीस मोजणीतून सुटला की निष्कर्ष चुकीच्या दिशेला जातो, आणि त्याचे परिणाम थेट माणसांच्या औषधपाण्यावर होतात.

आधी पट्टी समजून घेऊ

कॅमेरॉन नॉर्मन आणि हार्वी स्किनर या दोघांनी २००६ मध्ये ई-हील्स प्रसिद्ध केलं. त्यामागची मांडणी 'लिली मॉडेल' म्हणून ओळखली जाते. कमळाच्या सहा पाकळ्या, तशा सहा साक्षरता: वाचता-लिहिता येणं, माहिती शोधता येणं, माध्यमं समजणं, आरोग्याची समज, संगणकाची समज आणि विज्ञानाची समज. या सहांच्या मिलाफाला त्यांनी ई-आरोग्य साक्षरता म्हटलं.

पट्टीत आठ विधानं आहेत. आशय साधारण असा: इंटरनेटवर आरोग्याची कोणती माहिती मिळते, ती कुठे मिळते, कशी शोधायची, मिळालेली माहिती कशी वापरायची, चांगली-वाईट माहिती वेगळी कशी ओळखायची, आणि त्या आधारे निर्णय घेण्याचा आत्मविश्वास आहे का. प्रत्येक विधानाला 'पूर्णतः असहमत' ते 'पूर्णतः सहमत' असे पाच पर्याय. म्हणजे कमीत कमी गुण ८, जास्तीत जास्त ४०.

पट्टीचं श्रेय द्यायलाच हवं. ती छोटी आहे, पाच-सात मिनिटांत भरून होते आणि कितीतरी भाषांत अनुवादित झालेली आहे. एका धूसर कल्पनेला मोजण्याजोगं रूप देणं हे सोपं काम नव्हतं. शिवाय २०११ मध्ये नॉर्मन यांनी स्वतःच लिहिलं की मधल्या काळात सोशल मीडियामुळे इंटरनेट बदललं आहे आणि या संकल्पनेकडे पुन्हा पाहायला हवं. पट्टी करणाऱ्यानेच असं म्हणणं ही चांगल्या संशोधकाची खूण आहे. पण आपण मात्र २००६ ची पट्टी आहे तशी उचलतो.

आता एक तपशील बघा, जो सिनॉप्सिसमध्ये सहसा येत नाही. ही पट्टी मुळात कुणावर तपासली गेली? कॅनडातल्या १३ ते २१ वर्षं वयाच्या ६६४ मुलामुलींवर. पहिला आयफोन बाजारात यायच्या आधी. ती पट्टी आपण आज मनमाडच्या सत्तर वर्षांच्या आजीपुढे धरतो. असं करू नये असं नाही. पण ती इथे का चालेल, हे दाखवण्याची जबाबदारी आपली असते. 'अनेक संशोधकांनी वापरली आहे' एवढं लिहून ती पार पडत नाही.

अडचण पहिली: कौशल्य की आत्मविश्वास?

ई-हील्स विचारतं, 'तुम्हाला येतं असं वाटतं का?' करून दाखवा म्हणत नाही. या दोन्हींत फरक किती? नेदरलँड्समध्ये रोसाली व्हान डेर व्हार्ट आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये हेच तपासलं. डच भाषेतलं ई-हील्स त्यांनी दोन गटांना दिलं, आणि त्यांतल्या एका गटाला प्रत्यक्ष कामंही करायला लावली: इंटरनेटवर अमुक आरोग्यमाहिती शोधून दाखवा, असं. पट्टीचा अल्फा ०.९ च्या वर आला, म्हणजे कागदावर सगळं उत्तम. पण पट्टीतले गुण आणि प्रत्यक्ष जमलेली कामं यांच्यात विसंबून राहावं असा संबंध सापडला नाही.

नेटची तयारी करणाऱ्यांनी इथे थांबून एक गोष्ट डोक्यात पक्की करावी. अल्फा जास्त आहे याचा अर्थ आठही प्रश्न एकमेकांशी जुळतात एवढाच. ते ज्याच्याबद्दल आहेत म्हणता त्याच्याचबद्दल आहेत, हे अल्फा सांगत नाही. घरातला वजनकाटा रोज दोन किलो जास्त दाखवत असेल तरी तो सातत्याने दाखवतो. विश्वसनीयता आणि वैधता यांतला फरक पाठ्यपुस्तकात एका परिच्छेदात येतो. फील्डवर तो असा येतो.

याच गटाने पुढे २०१७ मध्ये दुसरं साधन प्रसिद्ध केलं, डिजिटल हेल्थ लिटरसी इन्स्ट्रुमेंट. त्यात २१ प्रश्न स्वतःबद्दल सांगायचे आणि ७ कामं करून दाखवायची. माहितीची पारख तर आहेच, पण माउस-कीबोर्डसारखी प्राथमिक कौशल्यं आणि स्वतःची खासगी माहिती जपणं हेही त्यात आहे. तुमचा विषय हाच असेल तर किमान हे साधन वाचून, मग ई-हील्स का निवडलं ते लिहा.

आपल्याकडे यात आणखी एक भर पडते. प्रश्नावली आपण तोंडी विचारतो. समोर कॉलेजातली मुलगी कागद घेऊन बसली आहे, तिला नाराज कशाला करायचं, म्हणून मावशी म्हणतात, 'हो, येतं की बाळा.' काही जणी उलट, येत असूनही 'आम्हाला कुठलं काय येतंय' म्हणतात. दोन्ही उत्तरं शिष्टाचाराची आहेत आणि आपण ती कौशल्य म्हणून एसपीएसएसमध्ये टाकतो. 'संसाधने' आणि 'तटस्थ' हे शब्द बोलण्यात कुणाच्याच नसतात. मग विचारणारा समजावून सांगतो, आणि प्रत्येक विचारणारा वेगळं समजावतो. दोनशे फॉर्म तीन जणांनी भरून आणले असतील तर तुमच्याकडे एक पट्टी नसते, तीन असतात.

अडचण दुसरी: माहिती वेगळी, सेवा वेगळी

ई-हील्सचा सगळा भर माहितीवर आहे. २००६ मध्ये ऑनलाईन आरोग्य म्हणजे प्रामुख्याने वेबसाईट वाचणंच होतं. आज सेवा ऑनलाईन आहे, आणि सेवा मिळवणं हे माहिती वाचण्यापेक्षा वेगळं काम आहे.

मनमाडचंच उदाहरण घेऊ. आमचं गाव रेल्वेचं. जंक्शन, पुलांचे गर्डर बनवणारा ब्रिटिश काळातला कारखाना, आणि त्यामुळे गल्लोगल्ली रेल्वेचे पेन्शनर. रेल्वेने आपल्या कर्मचाऱ्यांसाठी आणि पेन्शनरांसाठी 'उमीद' नावाचं वैद्यकीय ओळखपत्र आणलं. जुनी कागदी पुस्तिका जाऊन त्याजागी क्रमांक असलेलं डिजिटल कार्ड. कल्पना चांगली आहे: माणूस कुठल्याही रेल्वे रुग्णालयात गेला तरी ओळख पटावी. पण ते काढायला काय लागतं? पीपीओ क्रमांक, नोंदवलेला मोबाईल, त्यावर येणारा ओटीपी, स्वतःचे आणि घरच्यांचे फोटो, कागदपत्रं स्कॅन करून अपलोड. चाळीस वर्षं गँगमन किंवा फिटर म्हणून काम केलेल्या काकांना पीपीओ क्रमांक तोंडपाठ असतो. फोटो अमुक केबीच्या आत बसवणं हे त्यांच्या कामाचं कधी नव्हतंच.

किंवा ई-संजीवनीची ओपीडी बघा. मोबाईल नंबर, ओटीपी, रुग्णाची नोंदणी, टोकन, रांगेत थांबणं, व्हिडिओ चालू करणं, आणि शेवटी ई-प्रिस्क्रिप्शन डाउनलोड करून मेडिकलवाल्याला दाखवणं. यात 'माहितीची गुणवत्ता पारखता येते का' हा प्रश्न कुठेच येत नाही. अडतं ते ओटीपीची मुदत संपते तिथे, जुना नंबर बंद पडलेला असतो तिथे, आधारवर नाव वेगळं लिहिलेलं असतं तिथे. ई-हील्समध्ये यातल्या एकाही पायरीबद्दल प्रश्न नाही. कमाल ४० गुण मिळवणारा माणूसही बंद पडलेल्या सिमपुढे अडकतो.

अडचण तिसरी, आणि मुख्य: शेजारी बसलेला माणूस

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. २०१० मध्ये नित्या संबाशिवन, एड कट्रेल, केंटारो टोयामा आणि बॉनी नार्डी यांनी भारतातल्या कमी उत्पन्नाच्या वस्त्यांचा अभ्यास करून एक निबंध लिहिला. विषय होता मध्यस्थामार्फत तंत्रज्ञान वापरणं. त्यांनी मदतीचे तीन प्रकार सांगितले. मी ते मनमाडच्या भाषेत सांगते.

पहिला, पूर्ण दुसऱ्याच्या हातून काम. आजी घरी असतात, नातू सेतू केंद्रात जाऊन त्यांचं आभा कार्ड काढून आणतो. आजींनी स्क्रीन पाहिलेलीच नाही. दुसरा, शेजारी बसून हात चालवणं. काकांना काय हवंय ते त्यांना नेमकं ठाऊक आहे, बटणं मात्र मुलगी दाबते. तिसरा, अर्थ लावून देणं. काकू स्वतः फोन हाताळतात, पण स्क्रीनवरचं इंग्रजी वाचून दाखवायला कुणीतरी लागतं.

या तीन माणसांना तीन वेगळ्या गोष्टी हव्या आहेत. पहिलीला विश्वासाचा माणूस, दुसऱ्याला सोपा स्क्रीन, तिसरीला मराठी. ई-हील्सवर तिघांचेही गुण कमी येतील आणि तिघांसाठी एकच शिफारस निघेल: प्रशिक्षण द्या.

याच्या आधी, २००५ मध्ये, मारिया बाकार्जिएवा यांनी घरगुती इंटरनेट वापरावरच्या पुस्तकात 'वॉर्म एक्सपर्ट' हा शब्द वापरला होता. आपण त्याला आपुलकीचा जाणकार म्हणू. तंत्र थोडंफार येणारा आणि समोरच्या माणसाचं आयुष्य माहीत असणारा. घरातलं पोर 'आजी, तुझी ती सकाळची गोळी' म्हणून स्क्रीनवरचं औषध ओळखतं, ते कुठल्याही हेल्पलाईनला जमत नाही.

एक सोपा विचारप्रयोग करू. समजा दोन आजी आहेत. दोघींचे ई-हील्स गुण १२. पहिलीकडे बारावीतला नातू राहतो. दुसरी एकटी आहे, मुलं पुण्याला. पट्टीच्या मते दोघी सारख्या. सेवेच्या दृष्टीने एकीला डॉक्टर मिळतो, दुसरीला मिळत नाही. आता तिसरा माणूस घ्या, गुण ३४, पण घरात एकच स्मार्टफोन आणि तो दिवसभर मुलाबरोबर कामावर. पट्टीच्या मते हे सगळ्यांत पुढे. दुपारी दोन वाजता छातीत दुखलं तर तेही दुसऱ्या आजींच्याच रांगेत.

हे अपवाद आहेत का? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची पाचवी फेरी, २०१९-२१, बघा. महाराष्ट्रात स्वतः वापरता येईल असा मोबाईल असलेल्या स्त्रिया ५४.८ टक्के. कधीतरी इंटरनेट वापरलेल्या स्त्रिया ३८ टक्के, पुरुष ६१.५ टक्के. म्हणजे जवळजवळ निम्म्या स्त्रियांसाठी फोन घराचा आहे, स्वतःचा नाही. ज्या पट्टीतलं प्रत्येक विधान 'मी'ने सुरू होतं, ती इथे नेमकी कुणाला मोजते?

मदतनीस मोजला नाही तर काय होतं: २०२१ चं उदाहरण

हा वाद फक्त मेथडॉलॉजीचा नाही, हे कोविन पोर्टलने दाखवून दिलं. १ मे २०२१ पासून १८ ते ४४ वयोगटासाठी लसीकरण सुरू झालं, आणि सुरुवातीला त्यांना ऑनलाईन नोंदणी सक्तीची होती. तेव्हा पोर्टल मराठीत नव्हतं, ते जूनमध्ये आलं. स्लॉट उघडायचे आणि काही मिनिटांत संपायचे. ज्याचं बोट जलद त्याला लस, अशी स्थिती.

सर्वोच्च न्यायालयाने कोविडसंबंधी स्वतःहून दाखल केलेल्या प्रकरणात हा प्रश्न घेतला. केंद्राचं म्हणणं साधारण असं होतं की ज्यांना जमत नाही त्यांना कुटुंब, मित्र, स्वयंसेवी संस्था किंवा कॉमन सर्व्हिस सेंटर मदत करू शकतात. ३१ मे २०२१ च्या आदेशात न्यायमूर्ती चंद्रचूड, नागेश्वर राव आणि रवींद्र भट यांच्या पीठाने यावर बोट ठेवलं. मोठ्या लोकसंख्येने मित्रांवर आणि संस्थांवर विसंबून नोंदणी करावी हे व्यवहार्य असेलच असं नाही, आणि डिजिटल दरीमुळे लसीपासून लोक वंचित राहू शकतात, असा त्याचा आशय होता. २४ मेपासून सरकारी केंद्रांवर जागेवर नोंदणीला परवानगी मिळू लागली होती, आणि २१ जूनच्या नव्या धोरणात ती सर्वत्र खुली झाली.

यातली संशोधकाच्या उपयोगाची गोष्ट ही: धोरणाने मदतनीस आहेच असं गृहीत धरलं. तो आहे का, किती जणांना आहे, किती जणांना नाही, हे मोजलेलं नव्हतं. आपण संशोधक जे मोजत नाही, ते धोरणात 'असेलच' म्हणून येतं.

डिजिटल साक्षरतेच्या योजनेतही असंच झालं. प्रधानमंत्री ग्रामीण डिजिटल साक्षरता अभियान २०१७ मध्ये सुरू झालं, ३१ मार्च २०२४ ला संपलं. लक्ष्य ६ कोटी ग्रामीण कुटुंबांतल्या एकेका व्यक्तीचं, आणि प्रशिक्षण मिळालं ६.३९ कोटी लोकांना. आकडा मोठाच आहे. पण नियम वाचा: वय १४ ते ६०, आणि घरटी एकच माणूस. म्हणजे योजनेने मनातल्या मनात मान्य केलं होतं की हा एक जण बाकीच्यांना मदत करेल. साठीपुढच्यांना तर थेट प्रशिक्षण नव्हतंच. तरीही मोजणी झाली ती शिकलेल्या व्यक्तींची. त्या व्यक्तीने घरात कुणाला मदत केली का, हा स्तंभ त्यात नाही.

मदतनीस रचनेतच असेल तर

ई-संजीवनीचे दोन मार्ग आहेत. एक थेट रुग्णासाठी, एप्रिल २०२० मध्ये टाळेबंदीत सुरू झालेला. दुसरा त्याआधीचा, २०१९ चा: रुग्ण जवळच्या आरोग्य केंद्रात जातो, तिथला समुदाय आरोग्य अधिकारी त्याच्या वतीने डॉक्टरांशी जोडून देतो. पोर्टल तो हाताळतो, बीपी तो मोजतो, औषधं तिथेच मिळतात. फेब्रुवारी २०२३ मध्ये ई-संजीवनीने १० कोटी सल्ल्यांचा टप्पा ओलांडला. त्यातला बहुतांश भाग या दुसऱ्या, मदतनीस असलेल्या मार्गाचा आहे.

यावरून लगेच 'मदतनीसामुळे वापर वाढला' असं लिहू नका. केंद्रांची संख्या वाढली, केंद्रांना सल्ल्यांची लक्ष्यं होती, औषधं जागेवर मिळत होती. ही सगळी कारणं मिसळलेली आहेत आणि हे काही नियंत्रित प्रयोग नव्हते. पण एवढं म्हणता येतं की १० कोटी सल्ले झाले म्हणून १० कोटी वेळा लोकांना डिजिटल कौशल्य आलं असं नाही, आणि कौशल्य नव्हतं म्हणून सेवा मिळाली नाही असंही नाही. कौशल्य आणि सेवा यांच्यामध्ये एक माणूस उभा आहे.

तसंच टेलिमानसचं. १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झालेली मानसिक आरोग्याची ही सेवा १४४१६ या नंबरवर फोन करून मिळते. बटणांच्या साध्या फोनवरून, आपल्या भाषेत. ज्याला फोन लावता येतो त्याला ती सेवा वापरता येते. ई-हील्सवर ८ गुण मिळवणाऱ्यालासुद्धा. म्हणजे 'कमी कौशल्य' हा माणसाचा कायमचा गुणधर्म नाही. सेवा कशी बांधली आहे त्यावर ते कमी की पुरेसं हे ठरतं.

मदत फुकट नसते

आता कुणी म्हणेल, मग प्रश्नच मिटला, सगळ्यांना मदतनीस द्या. तेही इतकं सरळ नाही.

मदतीची पहिली किंमत खासगीपणा. ओटीपी नवऱ्याच्या फोनवर येतो, तर बाईने अंगावरून पांढरं जाण्याची तक्रार ऑनलाईन सांगायची कशी? क्षयाची औषधं चालू असलेल्या मुलीचं प्रिस्क्रिप्शन कोपऱ्यावरच्या दुकानातून छापून घ्यायचं का? संबाशिवन आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये दक्षिण आशियातल्या स्त्रियांच्या फोन वापरावर आणखी एक अभ्यास प्रसिद्ध केला. फोन घरात वाटून वापरला जातो हे स्वीकारून स्त्रिया आपलं खासगीपण कसं राखतात, हे त्यात आहे: अ‍ॅपला कुलूप, नेमका एखादा मेसेज पुसणं, किंवा ती गोष्ट फोनवर करणंच टाळणं. शेवटचं उत्तर आपल्यासाठी महत्त्वाचं. सर्वेक्षणात 'वापरत नाही' म्हणून जी बाई येते ती अडाणी नसेल, सावध असेल.

टेलिमेडिसिनच्या मार्गदर्शक सूचना २५ मार्च २०२० ला आल्या. त्यांत काळजीवाहू व्यक्ती आणि आरोग्य कर्मचारी यांच्यामार्फत होणारा सल्ला मान्य केलेला आहे. रुग्णाने स्वतः सल्ला सुरू केला तर संमती गृहीत, दुसऱ्याने सुरू केला तर रुग्णाची स्पष्ट संमती हवी, असा फरकही केला आहे. हे चांगलं आहे. पण फोन नातवाचा, नंबर नातवाचा, बटण नातवाने दाबलं, आणि बोलतात आजी. मग सल्ला सुरू कुणी केला? कागदावरची वर्गवारी इथे घरातल्या वास्तवाला पुरत नाही.

दुसरी किंमत श्रमाची. आशाताईंना हे विचारा. आभा कार्ड, वेगवेगळ्या योजनांचे ऑनलाईन फॉर्म, अ‍ॅपमधल्या नोंदी. ऑक्टोबर २०२३ मध्ये राज्यातल्या आशा आणि गटप्रवर्तक संपावर गेल्या, तेव्हा मानधनवाढीबरोबर ऑनलाईन कामाच्या सक्तीला विरोध हाही मुद्दा होता. आपण 'सहाय्यित वापर' असं गोड नाव देतो, त्यामागे कुणाची तरी संध्याकाळ आणि कुणाचा तरी डेटा पॅक खर्च झालेला असतो.

एक आक्षेप

माझ्या या मांडणीवर एक योग्य आक्षेप घेता येतो. ई-हील्स वैयक्तिक साक्षरता मोजायलाच बनवलं आहे. मदतनीस हा वेगळा चल आहे, तो वेगळा मोजा, पट्टीला दोष कशाला? तर्क बरोबर आहे. पट्टीचा दोष मर्यादित आहे, मोठा दोष आपल्या वापराचा. आपण वैयक्तिक साक्षरता मोजतो आणि निष्कर्ष काढतो सेवेच्या पोहोचीबद्दल. शीर्षकात 'आरोग्यसेवांची उपलब्धता' असतं आणि साधन आत्मविश्वासाचं. ही उडी बाह्य परीक्षकाच्या लक्षात येते, आणि व्हायवाला तिथेच घाम फुटतो.

आणि हो, शिकवणं निरर्थक आहे असं मी म्हणत नाही. नातू उद्या नोकरीला पुण्याला जाईल. स्वतः करता आलं तर खासगीपणही राहतो. प्रश्न इतकाच की काय शिकवायचं आणि कुणाला, हे ठरवायला ८ ते ४० मधला एक आकडा पुरत नाही.

मग सिनॉप्सिसमध्ये काय करता येईल?

१. विश्लेषणाचं एकक बदला. शक्य असेल तिथे व्यक्तीऐवजी जोडी घ्या: सेवा हवी असलेला आणि मदत करणारा. दोघांची संमती वेगवेगळी घ्या, काही प्रश्न दोघांना वेगवेगळे बसवून विचारा. ज्येष्ठांसमोर त्यांची सून 'आम्ही सगळं करून देतो' म्हणेल, ते खरं असेलही, पण एकट्याने विचारलेलं उत्तर वेगळं असू शकतं.

२. ई-हील्स ठेवायचंच असेल तर चार प्रश्न जोडा. फोन कुणाचा? ओटीपी कुठल्या नंबरवर येतो? शेवटच्या वेळी कुणी मदत केली, पैसे किंवा मोबदला दिला का? मदतनीसापुढे सांगता येणार नाही म्हणून एखादी तक्रार ऑनलाईन टाळली का?

३. एक काम करून बघायला सांगा, जोडीने. उदाहरणार्थ, सरावासाठी बनवलेल्या खोट्या स्क्रीनवर नोंदणी. खरा ओटीपी, खरा आधार क्रमांक वापरू नका, लिहून तर अजिबात घेऊ नका. कुठल्या पायरीवर अडलं आणि कुणी सोडवलं, याची नोंद ठेवा.

४. गूगल फॉर्म नको. डिजिटल कौशल्य कमी असलेल्यांचा अभ्यास व्हॉट्सअ‍ॅपवर लिंक पाठवून करणं म्हणजे पोहता न येणाऱ्यांची गणती विहिरीच्या तळाशी बसून करणं. नमुना घ्यायचा तर सरकारी दवाखान्यातल्या केसपेपरच्या खिडकीपाशी, रेल्वेच्या दवाखान्याबाहेर, पेन्शनच्या दिवशी बँकेत. अर्थात आधी परवानगी घेऊन.

५. अनुवादाची आधी दहा-बारा जणांबरोबर चाचणी घ्या. प्रश्न वाचून झाल्यावर विचारा, 'काकू, हे ऐकून तुमच्या मनात काय आलं?' उत्तरं ऐकल्यावर निम्मे शब्द बदलावे लागतील.

६. आकडेमोडीत स्वातंत्र्याचं गृहीतक तपासा. एकाच सेतू केंद्रातल्या मुलाने तुमच्या नमुन्यातल्या तीस जणांना मदत केली असेल, तर ती तीस निरीक्षणं एकमेकांपासून स्वतंत्र नाहीत. साधी टी-टेस्ट तिथे फरकाची सार्थकता फुगवून दाखवते. मदतनीस हा गट धरून बहुस्तरीय मॉडेल वापरा. ते येत नसेल तर निदान मर्यादांमध्ये हे लिहा.

यातलं सगळं एका पीएचडीच्या आवाक्यात बसेलच असं नाही. पहिले दोन मुद्दे घेतले तरी तुमचा अभ्यास शेल्फवरच्या पन्नास अभ्यासांपेक्षा वेगळं काहीतरी सांगेल.

गाईडकडे मसुदा नेण्याआधी एक करा. तुमच्या घरातल्या सगळ्यांत वयस्कर माणसाने मागच्या वर्षभरात कुठल्या आरोग्यसेवा ऑनलाईन घेतल्या ते लिहा, आणि प्रत्येकीसमोर बटण कुणी दाबलं तेही. मग तुमच्या प्रश्नावलीवर नजर टाका आणि त्या दुसऱ्या माणसासाठी तिच्यात जागा आहे का ते बघा. पुढच्या पोस्टमध्ये बहुस्तरीय मॉडेल साध्या उदाहरणाने समजून घेऊ. तोवर तुमच्या सिनॉप्सिसमधलं साधन कोणतं आणि ते मुळात कुणावर तपासलं गेलं होतं, हे कमेंटमध्ये लिहा.